स्टीफन गावितचा उजवा हात

समजा, तुम्ही चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसला आहात. महिन्याचा पहिला रविवार आहे, म्हणजे प्रभुभोजनाचा. भाकर वाटून झाली आहे आणि आता रस येतो आहे. स्टीलचा ट्रे, त्यात बोटाएवढे काचेचे पेले, प्रत्येकात काळ्या मनुका उकळून गाळलेला रस. ट्रे धरणारा माणूस तुमच्या बाकापाशी येतो आणि पेले एकमेकांवर किणकिणताना ऐकू येतात. तुम्ही वर बघता. माणूस ओळखीचा आहे. चेहरा शांत आहे, पण उजवा हात थरथरतो आहे. थोडा रस ट्रेमधल्या पांढऱ्या फडक्यावर सांडतो. आता सांगा, हा हात कशाने हलतोय? वयाने? भीतीने? आतल्या तापाने? एखाद्या आजाराने? की रात्रीची अजून उतरलेली नाही? हाताशी फक्त तुमचे दोन डोळे आहेत, आणि ट्रे पुढच्या बाकाकडे सरकेपर्यंतचा वेळ.

विसरवाडीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका डोंगरी गावातल्या चर्चच्या मंडळीने हे काम एका एप्रिलमध्ये केलं. उपासना संपून लोक बाहेर आंब्याखाली चपला शोधत होते, तेवढ्यात निकाल लागलाही होता. स्टीफन गावित पुन्हा प्यायला लागला.

त्यातला ‘पुन्हा’ स्टीफनला नाकारता येत नव्हता. तरुणपणी तो प्यायचा, आणि चांगला प्यायचा. ऊस तोडायला बारडोलीकडे जायचा तेव्हा टोळीत त्याची आणि रेवजीची जोडी प्रसिद्ध होती. दोघं एकाच कोयत्याच्या तालात ऊस तोडत आणि एकाच बाटलीत संध्याकाळ संपवत. मग स्टीफनला मुलगी झाली, रूपा. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी दोघांनी मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, आजपासून नाही. लोक हसले होते. रेवजीची बायको तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, “सोमवारपर्यंत बघू.” पण ते सोमवार गेले, वर्षं गेली. रूपा नर्सिंग शिकून नाशिकला नोकरीला लागली. रेवजी मंडळीच्या पंचांचा प्रमुख झाला. स्टीफन भाताची शेती करायचा आणि उन्हाळ्यात लोकांच्या घरावरची कौलं उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा बसवून द्यायचा. उतरत्या छपरावर तो अनवाणी असा चालायचा, जसं आपण अंगणात चालतो. आणि पहिल्या रविवारी रसाचा ट्रे त्याच्या हातात असायचा. तो मान त्याने मागितला नव्हता. पंचांनीच दिला होता, ‘हा माणूस बोलला ते त्याने पाळलं’ म्हणून.

आता ते एप्रिलचे दिवस म्हणजे मोहाची फुलं पडण्याचे. पहाटे झाडाखाली वेचायची, अंगणात वाळवायची, व्यापाऱ्याला विकायची. ख्रिस्ती घरंसुद्धा वेचतात. त्यांच्या घरात दारू गाळत नाहीत, एवढंच. पण वाळत्या मोहाचा दारूसारखा वास कपड्यांत शिरतो आणि निघता निघत नाही. म्हणून त्या गावात एक रीत आहे. मोहाच्या दिवसांत रविवारचा शर्ट पेटीत ठेवायचा, अंगणाच्या दोरीवर टाकायचा नाही. सगळे पाळतात. स्टीफननेही आजवर पाळली होती. त्या वर्षी मात्र त्याचा पांढरा शर्ट रात्रभर फुलांच्या शेजारीच दोरीवर राहिला आणि सकाळी त्याने तो तसाच अंगात घातला.

आंब्याखाली रेवजी त्याच्या जवळ आला.

“स्टीफन, शर्टाला वास येतोय.”

“कसला?”

“कसला ते मी सांगू?”

स्टीफनने बाही नाकाशी नेली. दोनदा हुंगली. “कुठे काय येतोय?” तो म्हणाला.

इथेच सगळं बिघडलं. भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला वास येत होता. पोरांनासुद्धा येत होता. आणि हा माणूस बाही नाकाला लावून सगळ्यांदेखत म्हणत होता की येत नाही. पंच त्याच संध्याकाळी बसले. ट्रे काही दिवस दुसऱ्याकडे द्यायचं ठरलं. रेवजी सांगायला घरी आला तेव्हा आत न येता ओट्यावरच उभा राहिला.

“मी दारूला हात लावलेला नाही,” स्टीफन म्हणाला.

“मग हात का हलतो?”

“मला काय माहीत.”

“मला माहीत आहे,” रेवजी म्हणाला. “बारडोलीला सकाळी तुझा हात कसा हलायचा, ते माझ्याइतकं कोणी बघितलंय?”

स्टीफनची बायको निर्मला आत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “रेवजी, तुझा तर जास्त हलायचा,” ती आतूनच म्हणाली. रेवजी ओट्यावरून उतरून गेला.

स्टीफनने मात्र त्या रात्री एकच गोष्ट मनाशी पक्की केली. हात का हलतो, हे तो शोधून काढणार आणि मंडळीच्या तोंडावर आणून ठेवणार. ट्रे गेल्याचं त्याला दुःख होतंच. पण त्याचा शब्द गेला होता, आणि कौलं बसवणाऱ्या माणसाकडे शब्दाशिवाय दुसरं काय असतं.

तो नंदुरबारला गेला. एका डॉक्टरने मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. मशीनच्या बोगद्यात घणाघाती आवाजात पडून राहून स्टीफनने तोही काढला. रिपोर्ट आला, मेंदूत काही दोष नाही. तो आनंदाने गावी परतला आणि रिपोर्ट रेवजीच्या हातात दिला. रेवजीने तो सावकाश वाचला आणि घडी घालून परत केला.

“मशीनसुद्धा तेच म्हणतंय,” तो म्हणाला.

“काय म्हणतंय?”

“आजार काही नाही म्हणतंय. मग हात काय लग्नातला ढोल ऐकून नाचतो?”

स्टीफनला एवढा राग आला की रिपोर्ट फाडायला त्याने हात उचलला. पण उजवा हात नीट चिमटीत धरेना. कागद खाली पडला आणि रेवजीनेच तो उचलून दिला. स्टीफनला ते फार लागलं.

मग रूपाने फोनवरून दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं. मेंदूविकाराच्या डॉक्टर हेमांगी पाटील. धुळ्याला असायच्या, आठवड्यातून एकदा नंदुरबारला यायच्या. त्यांचं माहेर प्रकाशा गावचं. पेशंटशी अहिराणीतच बोलायच्या.

“बसा भाऊ. हाऊ हात कवयपासीन थरथरस?”

कधीपासून ते स्टीफनने सांगितलं. मग डॉक्टरांनी त्याला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. मूठ उघडझाप करायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायला लावलं. डावा हात चालताना झुलत होता, उजवा बाजूला तसाच लटकून राहिला होता. हे त्याला स्वतःला कधी कळलं नव्हतं. हात मांडीवर निवांत ठेवला की थरथर वाढायची, पण पेला धरला तरी थोडी राहायचीच. डॉक्टर जरा विचारात पडल्या. मग सहज, कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं,

“थोडी घेतल्यावर थरथर कमी व्हस का?”

“काय घेतल्यावर?”

“दारू.”

स्टीफन उठला. दार उघडून बाहेर गेला. हा प्रश्न डॉक्टर अशा प्रत्येक पेशंटला विचारतात. थरथरीच्या एका प्रकारात घोटभर दारूने हात खरोखर काही वेळ शांत होतो, आणि तसं होत असेल तर तो आजार वेगळा असतो. पण हे स्टीफनला माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की हा निकाल त्याच्या आधीच नंदुरबारला येऊन बसलाय.

निर्मला खुर्चीवरून हलली नाही. “तो पीत नाही,” ती म्हणाली. “पुढचं विचारा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश, तो प्रश्न का विचारला ते तिला समजावलं. नंतर विचारलं, “ताई, यास्ले वास येस का?”

“कशाचा?”

“कशाचाबी. फोडणीचा, फुलाचा.”

निर्मला थांबली. मग एकदम बोलायला लागली. मागच्या थंडीत ती पाणी भरायला गेली असताना चुलीवर डाळ जळली होती. सगळं घर करपट वासाने भरलं होतं आणि हा दोन हात अंतरावर चुलीकडे पाठ करून टोपलीचं बूड बांधत होता. तिने आल्यावर शिव्या दिल्या तेव्हा म्हणाला, मला काय माहीत. तिला वाटलं होतं, मुद्दाम करतो. आणि मोहाची फुलं. “शर्ट,” ती म्हणाली. “शर्टाचा वास सगळ्यांना आला. त्याला नाही आला.”

दाराबाहेर उभ्या असलेल्या स्टीफनने हे सगळं ऐकलं. त्याने नकळत बाही नाकाशी नेली.

डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. बऱ्याच जणांत हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो, त्या म्हणाल्या. त्यांचा अंदाज पार्किन्सनचा होता. मेंदूत एक रस बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल मंदावते, थरथरते.

“पण एमआरआय चांगला आला,” स्टीफन म्हणाला.

“तुम्ही काय काम करतस?”

“घरांची कौलं लावतो.”

“मंग आयका. एमआरआय म्हणजे घरवरनी कौलं, भिंती. समदं जागवर शे का, ते दिसस. पण घरमा चूल पेटेल शे का नही, ते त्यामा दिसत नही. त्यानाकरता दुसरा फोटो शे.”

स्टीफनला हे लगेच समजलं. कौलं धड असलेली आणि चूल विझलेली घरं त्याने पुष्कळ पाहिली होती. माणसं ऊस तोडायला गेली की गावात निम्मी घरं तशीच असतात.

तो दुसरा फोटो म्हणजे ट्रोडॅट स्कॅन. शिरेत किंचित किरणोत्सारी औषध टोचायचं. मेंदूत त्या पेशींची टोकं जिथे शाबूत असतील तिथे ते जाऊन चिकटतं आणि कॅमेऱ्यात तेवढीच जागा उजळते. पण डॉक्टर म्हणाल्या की त्याची गरज नाही. तपासणीवरून नव्वद टक्के कळलंच आहे. गोळी सुरू करू, फरक पडला की आणखी खात्री होईल. स्कॅन सुरतेला होतो, आणि एकट्या स्कॅनवर कोणी निदान करत नाही.

“मला फोटो पाहिजे,” स्टीफन म्हणाला.

“भाऊ, एक ध्यानमा ठेवा. तुम्ही पितस का नही, ते त्या फोटोमा दिसाव नही. आणि फोटो साफ उना, तरी तुम्ही पितस असं व्हत नही. दुसरा प्रकारनी थरथर राहस, त्यामा फोटो साफच येस.”

“चालेल. मला फोटो पाहिजे.”

निर्मलाने कपाळावर हात मारला. पण त्या वर्षी वाळवलेली सगळी मोहफुलं विकून दोघं सुरतेला गेली ती तिच्याच पिशवीतल्या भाकऱ्या घेऊन.

सकाळी सुई टोचली आणि दुपारपर्यंत बसून राहायला सांगितलं. औषधाला मेंदूत पोचायला वेळ लागतो. स्टीफन बाकावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिला. गेले कित्येक महिने तो हात लपवत होता. खिशात घालायचा, मांडीखाली दाबायचा, डाव्या हाताने धरून ठेवायचा. मशीनच्या खोलीत गेल्यावरही त्याने तेच केलं, उजवा हात कमरेखाली घट्ट दाबून झोपला. टेक्निशियन मुलगी डोक्याला पट्टा बांधत होती. ती म्हणाली, “काका, हात मोकळा सोडा. मला फक्त डोकं स्थिर पाहिजे.”

“हात हलतो.”

“हलू द्या ना. त्याचा फोटो थोडीच काढायचाय.”

कॅमेऱ्याचे दोन मोठे चौकोन त्याच्या कानांना जवळजवळ टेकून सावकाश फिरू लागले. आवाज जवळपास नव्हताच. स्टीफनने हात बाहेर काढून छातीवर ठेवला. तो थरथरायला लागला, मनसोक्त, आणि त्याला कोणी काही म्हटलं नाही. तो तिथे पडल्या पडल्या हसला. मुलीने काचेमागून माइकवर सांगितलं, “काका, हसू नका, डोकं हलतं.”

पुढच्या आठवड्यात नंदुरबारला डॉक्टरांनी फिल्म खिडकीला लावली. काळ्या पाटीवर दोन उजळ आकार असायला हवे होते, पाठीला पाठ लावलेल्या दोन विळ्यांसारखे. एक विळा बराचसा पुरा होता. दुसऱ्याचं पातं जवळजवळ गेलं होतं, मुठीजवळचा गोळा तेवढा उरला होता. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूवर चालतो, आणि झिजलेला विळा डाव्याच बाजूचा होता. तपासणीशी सगळं जुळत होतं. पार्किन्सन.

“मग लिहून द्या,” स्टीफन म्हणाला. “दारू नाही म्हणून.”

“पार्किन्सन शे, ते लिखसू.”

“आणि दारू नाही, ते?”

डॉक्टर हेमांगी यांनी मान हलवली. जे फोटोत दिसत नाही ते त्या लिहिणार नव्हत्या. त्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला होता, पण तो विश्वास रिपोर्टात लिहायची गोष्ट नव्हती.

परतीच्या एसटीत निर्मला म्हणाली, “आजार आहे असं कळलं की माणसं रडतात. तू जिंकून आल्यासारखा बसलास.”

“रडीन नंतर,” स्टीफन म्हणाला. लिफाफा त्याने दोन्ही गुडघ्यांमध्ये धरला होता. विसरवाडी जवळ आली तसा त्याने लिफाफा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, “आणि हा फोटो साफ आला असता तर?”

“तर काय?”

“तर मी खोटा?”

 त्या क्षणापासून स्टीफनचा राग फिरला. इतके दिवस तो रेवजीला काय दाखवायचं याचा विचार करत होता. आता त्याला कळलं की त्याला काही दाखवायचंच नाही, विचारायचं आहे.

पहिल्या रविवारी उपासनेआधी पंच चर्चच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांच्यापुढे मेजावर ट्रे मांडून ठेवला होता. बाकांवर लोक येऊन बसत होते. स्टीफन लिफाफा घेऊन आला. सगळ्यांना सुरतेचं कळलं होतंच.

“आणला का फोटो?” रेवजीने हात पुढे केला.

“आणला. पण आधी एक सांग.”

“आधी दाखव तर.”

“नाही. आधी सांग. यात काही नसेल, फोटो साफ असेल, तर मी पितो का?”

रेवजी गोंधळला. “हे काय विचारणं झालं? बघू ना आत काय आहे.”

“आत काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्यात काय आहे ते विचारतोय. तीस वर्षं तू मला ओळखतोस. हात हलत नव्हता तोवर माझा शब्द चालला. हात हलायला लागला तर आता सुरतेचा फोटो पाहिजे?”

“स्टीफन, लोक बघतायत.”

“बघू दे. तेच तर करतायत एप्रिलपासून.”

“अरे, मी एकटा नाही. पंचांचं—”

“मी पंचांना विचारत नाही. तुला विचारतोय. आपण दोघांनी एका दिवशी सोडली.”

रेवजीने मान खाली घातली.  पुढच्या बाकावर बुधीबाई बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी. तिला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालतात, पण तिला हवं ते ऐकू येतं.

“माझा हात तर तुम्ही लंगोट्या लावून फिरत होतात तेव्हापासून हलतोय,” ती तिथूनच म्हणाली. “मला कोणी विचारलं नाही, आजी, कुठली पितेस म्हणून. विचारलं असतं तर सांगितली असती.”

बाकांवर हशा पिकला. रेवजीसुद्धा हसायच्या बेतात आला, पण स्टीफनचा चेहरा बघून थांबला. स्टीफनने लिफाफा काखेत मारला, दोन्ही हातांनी मेजावरचा ट्रे उचलला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला, दरवेळी उभा राहायचा तिथेच. त्याला कोणी अडवलं नाही. पाळक आले, गीत झालं, भाकर वाटली गेली. मग पेल्यांची किणकिण सगळ्या चर्चमध्ये ऐकू यायला लागली. स्टीफन एकेका बाकाशी थांबत होता, जरा जास्तच वेळ. रेवजीच्या बाकाशी आला तेव्हा रस रेवजीच्याच पांढऱ्या बाहीवर सांडला. रेवजीने बाही पुसली नाही. पेला घेतला आणि प्यायला.

त्यानंतर स्टीफनने गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात हात बराच शांत झाला. पायातला जडपणा गेला, टोपल्यांचं बूड पुन्हा घट्ट बसायला लागलं. छपरावर मात्र निर्मला चढू देत नाही. तो खालून दुसऱ्यांना कौलं कुठे बसवायची ते ओरडून सांगतो आणि ते त्याला शिव्या घालतात. गावात आता सगळे म्हणतात, गोळीने थांबला म्हणजे आजारच होता बिचाऱ्याला. हे ऐकून स्टीफनचं डोकं आणखी फिरतं. त्याच्या वतीने आता गोळी साक्ष देत होती. त्याला कोणी काही विचारलंच नाही.

म्हणून तो एक हट्ट करतो. रोज सकाळी उठल्या उठल्या गोळी घेतो, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी घेत नाही. प्रभुभोजन झाल्यावर घेतो. डॉक्टर हेमांगी यांनी त्यावरून त्याला चांगलंच झापलं, गोळीची वेळ चुकवायची नाही म्हणून. निर्मला तर त्या दिवशी त्याच्याशी बोलत नाही. “पडशील एखाद्या दिवशी ट्रेसकट,” एवढंच म्हणते. तो म्हणतो, “पडलो तर उचलतील. तेव्हा कळेल कोण उचलतं.” आणि थरथरता हात घेऊनच बाकांमधून फिरतो. माझ्या हातचा रस घ्यायचा तर हात बघून घ्या, असं त्याचं म्हणणं.

फिल्मचा लिफाफा घरी आढ्याला अडकवलेला आहे. गावात अजून कोणी तो उघडून पाहिलेला नाही. रेवजीनेही नाही. एकदा बाजाराच्या दिवशी विसरवाडीला दोघं एकाच टपरीवर चहाला टेकले. रेवजीने इकडचं तिकडचं विचारलं. रूपा कशी आहे, भात कसा आहे. मग कप खाली ठेवून जरा अडखळत म्हणाला, “स्टीफन, माझं चुकलं तेव्हा. मला आजाराचं माहीत नव्हतं.”

“आजाराचं मी विचारलंच नव्हतं,” स्टीफन म्हणाला. उजव्या हातातला कप बशीवर बारीक वाजत होता. त्याने तो वाजू दिला.

“मग?”

“तो फोटो साफ निघाला असता रेवजी, तर मी काय होतो?”